दोन मिनिटांची विमानफेरी आणि अंतराचा हिशेब

काळ-काम-वेगाची उदाहरणे सोडविताना विद्यार्थी एका समजुतीवर विसंबून असतो. अंतर ठाऊक असले आणि वेग ठाऊक असला म्हणजे वेळ आपोआप हाती येतो, ही ती समजूत होय. पुस्तकातील आगगाड्या स्थानकातून निघताच पूर्ण वेगाने धावू लागतात, वाटेत कोठे मंदावत नाहीत आणि मुक्कामी पोहोचताच जागच्या जागी थांबतात. त्यामुळे पुस्तकापुरती ही समजूत खोटी ठरत नाही. मात्र तोच विद्यार्थी एस. टी.चे वेळापत्रक हाती घेऊन गणित करू लागला की उत्तर जुळत नाही. मग तो दोनपैकी एक निष्कर्ष काढतो : एकतर वेळापत्रक चुकीचे, नाहीतर शाळेतले गणित व्यवहारात निरुपयोगी. दोन्ही निष्कर्ष सारखेच घातक आहेत. गणित चुकलेले नसते. अंतर म्हणजे कोठून कोठवरचे, वेळ म्हणजे केव्हापासून केव्हापर्यंतचा, हे आधी ठरविलेले नसते, एवढेच.

ही गोष्ट वर्गात पटवून देण्यास एखादे टोकाचे उदाहरण फार उपयोगी पडते, कारण मोठ्या प्रवासात जो फरक झाकून जातो तो लहान प्रवासात उघडा पडतो. असे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात आहे. तेथील दोन चिमुकल्या बेटांमध्ये चालणारी विमानफेरी ही जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानफेरी म्हणून ओळखली जाते.

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह पसरलेला आहे. त्यात लहानमोठी सुमारे ७० बेटे असून विसाएक बेटांवर माणसांची वस्ती आहे. कर्कवॉल हे तेथील मुख्य गाव. त्याच्या उत्तरेस वेस्ट्रे नावाचे बेट आहे. तेथे सुमारे सहाशे लोक राहतात. वेस्ट्रेच्या पूर्वेस, अरुंद खाडीसारख्या समुद्रापलीकडे, पापा वेस्ट्रे हे त्याहून लहान बेट आहे. त्याची लांबी साडेसहा किलोमीटरांच्या आसपास, रुंदी दीड किलोमीटरांच्या आसपास आणि वस्ती शंभराच्या आत. नाव ऐकून वर्गात हशा पिकेल, तो पिकू द्यावा. नंतर सांगावे की उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी नॉर्स लोकांनी तेथील ख्रिस्ती साधूंवरून हे नाव ठेवले, त्यांच्या भाषेत साधूंना ‘पापार’ म्हणत. बेट लहान असले तरी मनुष्यवस्ती नवी नाही. पाच हजार वर्षांहून जुनी अशी दगडी घरे तेथे आजही उभी आहेत. तेव्हा ‘इतक्या आडबाजूस लोक राहावयास गेले तरी का?’ हा प्रश्न तेथील रहिवाशांस विचारण्यात अर्थ नाही. ज्यांस समुद्र हाच रस्ता होता त्यांच्या दृष्टीने ते बेट आडबाजूस नव्हतेच.

ह्या बेटांवरील विमानसेवा लोगनएअर ह्या कंपनीने १९६७ साली सुरू केली व ती आजही चालू आहे. विमान कर्कवॉलहून निघते, एका बेटावर उतरते, तेथून दुसऱ्या बेटावर जाते आणि पुन्हा कर्कवॉलला येते. असा हा त्रिकोण आहे, आणि वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही त्या त्रिकोणाची सर्वांत आखूड बाजू. वापरात असलेले विमान ‘आयलंडर’ जातीचे, म्हणजे नावाप्रमाणेच बेटकरी. ते तयार करणाऱ्या ब्रिटन-नॉर्मन कंपनीचा कारखानाही इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट नावाच्या बेटावर होता, आणि हे विमान प्रथम आकाशात गेले ते १९६५ साली. दोन पंखे, एकच वैमानिक, आठ प्रवासी. जागा नसेल तेव्हा एक प्रवासी थेट वैमानिकाच्या शेजारी बसतो. आखूड धावपट्टीवरून उठणे व तशाच धावपट्टीवर उतरणे हा ह्या विमानाचा मोठा गुण. बेटांवरील धावपट्ट्या अर्ध्या किलोमीटरपेक्षा फारशा मोठ्या नसल्यामुळे दुसऱ्या प्रकारचे मोठे विमान तेथे कामाचेही नाही.

दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर १·७ मैल, म्हणजे सुमारे २·७ किलोमीटर आहे. वेळापत्रकात ह्या प्रवासास २ मिनिटे दिलेली आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा दीड मिनिटाच्या आतच विमान पलीकडे टेकते. स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाने हे अंतर ५३ सेकंदांत तोडले असून तो ह्या मार्गावरील विक्रम समजला जातो.

आता वर्गात फळ्यावर तीनच आकडे लिहावेत : अंतर २·७ किलोमीटर, विमानाचा आकाशातील नेहमीचा वेग तासाला सुमारे २४० किलोमीटर, वेळापत्रकातील वेळ २ मिनिटे. विद्यार्थ्यांस प्रथम पहिल्या दोन आकड्यांवरून वेळ काढण्यास सांगावे. तासाला २४० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ४ किलोमीटर. म्हणून २·७ किलोमीटर जाण्यास २·७ भागिले ४, म्हणजे ०·६७५ मिनिट, अर्थात साडेचाळीस सेकंद लागावयास हवीत. वेळापत्रक मात्र १२० सेकंद सांगते. विक्रम करणाऱ्या वैमानिकासही ५३ सेकंद लागलीच. साडेचाळीस सेकंदांत कोणीही गेलेला नाही.

येथे गुरुजींनी घाईने खुलासा करू नये. आधी उलट गणित करवून घ्यावे. दोन मिनिटांत २·७ किलोमीटर, तर तासाला किती? ८१ किलोमीटर. दीड मिनिट धरल्यास १०८. विक्रमाची ५३ सेकंदे धरल्यास सुमारे १८३. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे पाहिले तर हे विमान सरासरीने चांगल्या रस्त्यावरील मोटारीइतकेच धावते! मुले येथे चकित होतात, आणि चकित झालेल्या मुलास सरासरी वेग आणि प्रत्यक्ष वेग ह्यांतील भेद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. तो त्याचा तोच विचारतो, की मग बाकीचा वेळ गेला कोठे?

वेळ जातो तो असा. विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे असते तेव्हा त्याचा वेग शून्य असतो. ते धावू लागते, वेग वाढतो, जमीन सोडते, चढू लागते. चढताना त्याचा वेग सपाट उड्डाणापेक्षा कमी असतो. थोडे वर गेले न गेले तोच पलीकडची धावपट्टी समोर येते; तेव्हा पुन्हा वेग कमी करणे, धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळण घेणे, खाली उतरणे आणि थांबणे. एवढ्या लहान उडीत नेहमीच्या वेगाने जाण्यास विमानास अवसरच सापडत नाही. शिवाय २·७ किलोमीटर हे अंतर सरळ रेषेचे आहे, आणि विमान जर धावपट्टीच्या दिशेप्रमाणे एका बाजूस उठून वळून गेले तर त्याने आकाशात काढलेली वाट ह्या रेषेपेक्षा लांब असते.

तुलनेसाठी त्याच त्रिकोणाची लांब बाजू घ्यावी. कर्कवॉल ते वेस्ट्रे हे सरळ अंतर सुमारे ४४ किलोमीटर असून विमानास पंधराएक मिनिटे लागतात. मिनिटाला ४ किलोमीटर ह्या हिशेबाने ११ मिनिटे पुरावयास हवीत. म्हणजे येथे ४ मिनिटे जादा गेली. आखूड उडीत ८० सेकंदे जादा गेली होती. कर्कवॉलचा विमानतळ मोठा असल्याने तेथे धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो, आणि वेळापत्रकातील आकडे पूर्ण मिनिटांचे असतात. त्यामुळे दोन्ही ठिकाणचा जादा वेळ अगदी सारखा नाही. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. आखूड प्रवासात प्रत्यक्ष वेळ हिशेबाच्या तिप्पट झाला. लांब प्रवासात तो सव्वापटीहून थोडा अधिक, इतकाच झाला. अंतर सोळापट वाढले, वेळ मात्र साडेसात पटच वाढला. ह्यावरून दिसते की वेळ आणि अंतर येथे समप्रमाणात नाहीत. वेळाचे दोन भाग आहेत : एक उठण्या-उतरण्याचा, जो अंतर कितीही असले तरी सोडत नाही, दुसरा अंतराबरोबर वाढणारा. त्रैराशिक लागू पडते ते फक्त दुसऱ्या भागास. त्रैराशिक शिकविताना ते कोठे लागू पडत नाही हेही त्याच आठवड्यात शिकविले पाहिजे, कारण नंतर सांगितलेला अपवाद मुले अपवाद म्हणूनच विसरून जातात. वरच्या वर्गांत आलेख शिकविताना हीच दोन ठिकाणे मांडून रेषा काढली, तर ती आरंभबिंदूतून न जाता थोडी वरून का निघते हे मुलांस डोळ्यांनी दिसेल.

वाऱ्याचा विचार ह्यापुढे येतो, व तो मुलांस फार आवडतो. ऑर्कनीत वारा पुष्कळदा पश्चिमेकडून वाहतो आणि पापा वेस्ट्रे हे वेस्ट्रेच्या पूर्वेस आहे. तेव्हा जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर, असे अनेकदा घडते. जाताना मिळाले ते येताना गेले, फिट्टंफाट झाली, असे मुले म्हणतील; आणि पुष्कळ मोठी माणसेही तसेच म्हणतात. ते खरे नाही. समजा दोन ठिकाणे ९० किलोमीटर अंतरावर आहेत, विमानाचा वेग २४० आणि वाऱ्याचा ६० आहे. जाताना वेग ३०० झाला, वेळ १८ मिनिटे. येताना वेग १८० झाला, वेळ ३० मिनिटे. एकूण ४८ मिनिटे. वारा नसता तर जाऊन येऊन १८० किलोमीटरांस ४५ मिनिटे लागली असती. तीन मिनिटे वाऱ्याने खाल्ली. कारण उघड आहे : मदत करणाऱ्या वाऱ्यात विमान १८ मिनिटेच होते, विरोध करणाऱ्या वाऱ्यात मात्र ३० मिनिटे. प्रवाहाच्या दिशेने व प्रवाहाविरुद्ध होडी वल्हविण्याची जी उदाहरणे पुस्तकात असतात त्यांचाच हा भाऊ होय. पण तेथे मुले सूत्र पाठ करतात, येथे ती विचार करतात.

आणखी एक गंमत अशी, की विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उठते आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरते. तसे केल्याने कमी धावेत पंखांस पुरेसा आधार मिळतो. म्हणून पश्चिमेचा जोरदार वारा असेल तर पूर्वेस जावयाचे विमानही आधी पश्चिमेस उठून मग मागे वळते. वाटेत वाऱ्याने दिलेला फायदा अशा वेळी वळण्यातच संपून जातो. दाट धुके पडले किंवा वारा आडवा व प्रमाणाबाहेर झाला तर विमान उडतच नाही. त्या दिवशी दोन मिनिटांचा प्रवास दुसऱ्या दिवसावर जातो. वेळापत्रक ही कोष्टकांची बाब आहे, समुद्रावर त्याची सत्ता नाही.

भूगोलाच्या तासासही ह्या उदाहरणात बरेच काही आहे. ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे ५९ अंश २१ कला उत्तर येथे आहेत. रेखांशांत मात्र सुमारे ३ कलांचा फरक आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा १ अंश म्हणजे १११ किलोमीटरांहून थोडे अधिक. ६० कलांचा १ अंश, म्हणून ३ कलांचे साडेपाच किलोमीटर व्हावेत. पण अंतर तर तीन किलोमीटरांहूनही कमी आहे. फरकाचे कारण असे, की रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, आणि ६० अक्षांशापाशी रेखांशाचा अंश विषुववृत्तावरील अंशाच्या निम्माच उरतो. साडेपाचाचे निम्मे पावणेतीन. कलांचा अपूर्णांक सोडून दिला असल्याने उत्तर दशांशापर्यंत जुळत नाही, पण पुरेसे जवळ येते. महाराष्ट्रात, १९ अक्षांशाच्या आसपास, हाच अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा असतो. शाळेत पृथ्वीगोल असल्यास दोरा लावून हे पाच मिनिटांत दाखविता येते. भिंतीवरील जगाच्या नकाशावर मात्र हे दाखविण्याचा खटाटोप करू नये. दोन कोटींस एक अशा प्रमाणाच्या नकाशावर २·७ किलोमीटर म्हणजे मिलिमीटरचा सातवा-आठवा हिस्सा होतो. पेन्सिलीची रेघही त्याहून जाड असते. पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर तेच अंतर ५·४ सेंटिमीटर भरते. नकाशा कशासाठी पाहावयाचा हे ठरल्यावाचून नकाशाचे प्रमाण शिकविणे व्यर्थ आहे, ते ह्यासाठीच.

आतापर्यंत विचार झाला तो विमानाच्या वेळाचा. प्रवाशाचा वेळ ही वेगळी बाब आहे. विमानाचे वेळापत्रक विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचे असते. प्रवासी मात्र घराचा उंबरठा ओलांडल्यापासून वेळ मोजतो. समजा पापा वेस्ट्रेवरील एका गृहस्थास घरापासून विमानतळापर्यंत चालत २० मिनिटे लागतात, विमानाच्या आधी १५ मिनिटे तो तेथे पोहोचतो, विमानात २ मिनिटे बसतो आणि पलीकडे उतरून इच्छित घरी जाण्यास त्यास १० मिनिटे लागतात. एकूण ४७ मिनिटे. त्यांतील उड्डाणाचा वाटा शेकडा चारांच्या जवळपास. उद्या कोणी दुप्पट वेगाचे विमान आणले तरी त्या गृहस्थाचे मिनिटभरही वाचणार नाही. पण विमानतळापर्यंत जाण्यास सायकल मिळाली तर दहा मिनिटे सहज वाचतील. दोन्ही बेटांमध्ये प्रवासी होडीही जाते व तिला सुमारे २५ मिनिटे लागतात. होडीचा धक्का घराजवळ असला तर विमानाने जाणारा आणि होडीने जाणारा हे दोघे जवळजवळ बरोबरच पोहोचावयाचे.

मग इतक्या लहान अंतरासाठी विमान कशास, असा प्रश्न एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. उत्तर असे, की विमान दोन बेटांना जोडण्यापुरते नाही, दोन्ही बेटांना कर्कवॉलशी जोडण्यासाठी आहे. कर्कवॉलहून वेस्ट्रेस बोटीने सुमारे दीड तास लागतो, विमानाने पाव तास. इस्पितळ, मोठी शाळा, बाजार, कचेऱ्या हे सर्व तिकडे. डॉक्टर, रुग्ण, टपाल ह्यांची ने-आण ह्याच विमानाने होते. शिक्षकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे एकाहून अधिक बेटांवरील शाळांत शिकविणारे फिरते शिक्षकही ह्या विमानाने जातात येतात. मोजक्या मुलांच्या शाळेस प्रत्येक विषयाचा स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याही परिषदेस परवडणारे नाही, आणि म्हणून त्या मुलांनी संगीत किंवा चित्रकला शिकूच नये असेही म्हणता येत नाही. तेव्हा मुलांऐवजी शिक्षक फिरतो. हे मार्ग केवळ तिकिटांच्या पैशांवर चालत नाहीत. ऑर्कनीची स्थानिक परिषद त्यांस सार्वजनिक निधीतून साह्य देते. ५३ सेकंदांचा विक्रम वर्तमानपत्रांस प्रिय असला तरी बेटावरील लोकांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते विमान आठवड्यात किती वेळा येते ह्याला.

वेळ मोजताना आणखी एक खोच असते, ती घड्याळाची. निघाल्याचा वेळ एका ठिकाणच्या घड्याळाचा आणि पोहोचल्याचा दुसऱ्या ठिकाणच्या, असे असल्यास नुसती वजाबाकी दगा देते. ह्याचेही उदाहरण दोन बेटांवरील विमानतळांचेच आहे, पण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचे. पॅसिफिक महासागरात सामोआ देशातील उपोलू बेटावर फालेओलो विमानतळ आहे. तेथून सुमारे १५० किलोमीटरांवर, अमेरिकेच्या ताब्यातील सामोआत, तुतुइला बेटावर पागो पागो विमानतळ आहे. दोन्हीकडे भाषा एक, नातीगोती एक, उड्डाण तासाभराच्या आतले. परंतु मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. पूर्वी दोन्ही बेटे रेषेच्या एकाच बाजूस होती. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांच्याशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून सामोआ देशाने २०११ सालच्या अखेरीस रेषेची बाजू बदलली. तेथे २९ डिसेंबरनंतर एकदम ३१ डिसेंबर उजाडला, ३० तारीख आलीच नाही. आज दोन्हीकडील घड्याळांत काटे सारखे दिसतात, वार मात्र एकाने निराळा असतो. सोमवारी सकाळी १० वाजता फालेओलोहून निघालेले विमान पाऊण तासाने पागो पागोला पोहोचले असे धरल्यास तेथे रविवारचे पावणेअकरा झालेले असतात. उलट प्रवास विद्यार्थ्यांस सोडविण्यास द्यावा : रविवारी दुपारी २ वाजता निघून सोमवारी पावणेतीनला पोहोचलेले विमान किती वेळ उडत होते? पावणेपंचवीस तास असे उत्तर देणारी मुले पुष्कळ निघतील. त्यांची वजाबाकी बरोबर असते.

अंतर कोठून कोठवरचे, कोणत्या वाटेने आणि कोणत्या घड्याळाने, हे तीन प्रश्न विमानांपुरते राहत नाहीत. प्राथमिक शिक्षकास ते दरवर्षी स्वतःच्या दप्तरात सोडवावे लागतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला. त्याखालील नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ३ किलोमीटर हे शाळेचे अंतर धरलेले आहे. आता वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ह्यांच्यातील अंतर आठवावे. २·७ किलोमीटर! केवळ आकडा पाहिला तर एका बेटावरील सातवीचा मुलगा दुसऱ्या बेटावरील शाळेच्या ‘अंतराच्या आत’ येतो. मध्ये समुद्र आहे ही गोष्ट आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडील वाड्या-पाड्यांच्या नोंदींत असा समुद्र नसला तरी ओढा असतो, घाट असतो, धरणाचे पाणी असते. समजा एक वाडी शाळेपासून सरळ रेषेत ९०० मीटरांवर आहे. उन्हाळ्यात ओढ्यातून पायवाटेने गेल्यास ती १,२०० मीटर भरते. पावसाळ्यात ओढा भरला की पुलावरून वळसा घालून ४ किलोमीटर. ह्या तिन्ही आकड्यांपैकी कोणताही खोटा नाही. परंतु प्रपत्रात कोणता लिहावयाचा ह्यावर त्या वाडीतील मुलांस वाहतुकीचे साह्य मिळणार की नाही, तेथे शाळा राहणार की नाही, हे अवलंबून असते. नकाशावर पट्टी ठेवून किंवा भ्रमणध्वनीवरील नकाशात दोन टोके दाबून मिळालेले अंतर बहुधा सरळ रेषेचे असते. ते विमानाचे अंतर होय, मुलाचे नव्हे. केंद्र शासनाच्या आदर्श नियमांतही दरड, पूर, रस्त्यांचा अभाव अशा अडचणींच्या ठिकाणी ही मर्यादा कमी करून शाळा देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्यासही नुसता आकडा अभिप्रेत नाही. पण शाळेतून गेलेल्या नोंदीत ओढ्याचा उल्लेखच नसेल तर वरच्या कचेरीस तो दिसणार तरी कसा?

म्हणून नोंद करताना अंतरापुढे वाट कोणती ते लिहावे आणि त्यापुढे वेळ लिहावा. वेळ मोठ्या माणसाच्या चालीचा नसावा. पहिली-दुसरीच्या मुलाबरोबर, त्याच्या पाठीवर दप्तर असताना, घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत एकदा चालून घड्याळ पाहावे. हे काम सातवीच्या मुलांकडून गणिताचा पाठ म्हणूनही करवून घेता येते. प्रत्येकाने आपल्या घरापासूनचा वेळ आठवडाभर टिपावा, पावले मोजून अंतर काढावे, सरासरी वेग काढावा, आणि वाटेत थांबण्यात किती गेला ते वेगळे लिहावे. चिंचेखाली गेलेला वेळही लिहावा. तो उठण्या-उतरण्याच्या वेळासारखाच असतो. हीच मोजणी जूनच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस झाल्यावर पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे तारखेसह शेजारीशेजारी ठेवावेत. ओढ्यावर साकव असल्यास त्याची रुंदी, कठडा आहे किंवा नाही, आणि मागील पावसाळ्यात तो किती दिवस पाण्याखाली होता हेही त्याच पानावर लिहून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यावी.